गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल: एकाच टाकीत कसे नांदवायचे?

ॲक्वेरियमच्या दुकानात पिल्लं देणाऱ्या माशांचा कप्पा सगळ्यात रंगीत असतो आणि सगळ्यात स्वस्तही. त्यामुळे नवा माणूस तिथेच थांबतो, प्रत्येक रंगाची एकेक जोडी पिशवीत भरून घेतो आणि घरी येतो. अंडी न घालता थेट पिल्लं देणारे सगळे, म्हणजे एकमेकांशी जमणारच, असा साधा हिशेब. बऱ्याच अंशी तो खरा आहे. मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात: तुमच्या नळाला कसलं पाणी येतं, आणि यातलं कोण कोणाच्या कुळातलं आहे. रंग, शेपटी, किंमत हे सगळं त्यानंतर.

आधी एवढं जमवा

- टाकी, शक्यतो ३ फुटी, आणि तिच्यावर नीट बसणारं झाकण
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप (पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंजचा तुकडा)
- थर्मामीटर. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीसाठी हीटरही. साधारण लिटरमागे १ वॉट धरा
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि जडपणा मोजणारं टेस्ट किट, थेंबांचं मिळालं तर उत्तम
- अँटी-क्लोरीनची बाटली
- माशांसाठीच वेगळी ठेवलेली बादली आणि पाणी ओढायची नळी. फरशी पुसायची बादली नको, साबणाचा अंशही घातक ठरतो
- जावा मॉस, हॉर्नवर्ट किंवा तरंगणारी दुसरी कुठलीही दाट वनस्पती
- १५-२० लिटरची एक सुटी टाकी किंवा प्लॅस्टिकचा टब. हा खर्च सगळे टाळतात आणि नंतर पस्तावतात

१. नळाचं पाणी ओळखा

प्लॅटी, स्वोर्डटेल आणि मॉली मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, गप्पी व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना या पट्ट्यातला. यांना क्षार असलेलं, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. पीएच ७.२ ते ८ आणि जडपणा, म्हणजे किटवरचा जीएच, १० अंशांच्या पुढे असला की चौघंही खूश.

आपल्याकडे गंमत अशी की ज्या पाण्याला घरात नावं ठेवली जातात तेच या माशांना हवं असतं. बोअरचं पाणी, ज्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते या टाकीसाठी बहुतेक वेळा चांगलं. उलट मुंबई-पुण्यात धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. त्यात गप्पी-प्लॅटी निभावतात, पण मॉली हळूहळू कोमेजते: पंख मिटून घेते आणि एका जागी उभी राहून नुसती डुलत राहते. दुकानदार याला आजार म्हणून निळं औषध देतो. औषधाआधी पाण्याचा जडपणा तपासा.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, आरओचं पाणी. 'माणसांना चांगलं म्हणजे माशांना चांगलं' असं समजून अख्खी टाकी आरओच्या पाण्याने भरणारे पुष्कळ भेटतात. त्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, म्हणजे या माशांना लागतं तेच नेमकं गेलेलं असतं. आरओचा खरा उपयोग उन्हाळ्यात होतो. पाणी आटतं पण क्षार मागेच राहतात, म्हणून जड पाण्याच्या गावात आटलेली पातळी आरओच्या पाण्याने भरावी.

दुसरा, मीठ. 'मॉलीला मीठ लागतंच' हे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. मॉली खाऱ्या पाण्यात राहू शकते हे खरं, पण मिठाने जडपणा वाढत नाही. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो, मीठ सोडियमचं. शिवाय दर आठवड्याला टाकलेलं मूठभर मीठ वनस्पतींना मारतं. पाणी मऊ असेल तर फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत कोरलचे तुकडे, चुनखडी किंवा स्वच्छ धुतलेले, उकळलेले शिंपले ठेवा. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी हवं तिथे आणून ठेवतात. आठवडाभर मोजत राहा, घाई नको.

तिसरा, टीडीएस मीटर. स्वस्त आहे, हाताशी असावा, पण तो फक्त एकूण विरघळलेले पदार्थ सांगतो, ते कोणते हे सांगत नाही. मीठ टाकलं तरी आकडा वाढतो. जडपणासाठी किटच वापरा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटी-क्लोरीनने लगेच निघतं. औषध नसेल तर बादलीत एअर स्टोन सोडून दिवसभर ठेवा. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण नायट्रेट जास्त असू शकतं, विशेषतः शेतीच्या भागात. एकदा मोजून घ्या.

२. टाकी किती मोठी

लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा, लिटर मिळतात. २ × १ × १ फुटाची टाकी साधारण ५४ लिटरची. ती फक्त गप्पी आणि प्लॅटींना पुरते. मॉली किंवा स्वोर्डटेल हवे असतील तर ३ × १ × दीड फूट, म्हणजे ९० × ३० × ४५ सेंटीमीटर, हिशेबाने १२१ लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की हातात शंभरेक लिटर उरतं.

दुकानात सगळी पिल्लंच दिसतात म्हणून अंदाज चुकतो. गप्पीचा नर ३ सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, मादी पाचेकपर्यंत जाते. प्लॅटी ५-६. साधी मॉली ८-१०, आणि उंच पाठपंखाची सेलफिन मॉली त्याहून मोठी. स्वोर्डटेलचं अंगच १० सेंटीमीटरपर्यंत जातं, तलवार वेगळी. शिवाय तो उडी मारणारा मासा आहे. झाकण म्हणून नुसती जाळी टाकणं चालत नाही, वायरसाठी ठेवलेली फटसुद्धा त्याला पुरते.

गोल काचेचं भांडं या कामाचं नाही. भेट म्हणून आलं असेल तर त्यात मनीप्लँट लावा.

३. मासे आणण्याआधी टाकी सायकल करा

माशाच्या मूत्र-विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत वस्ती करतात आणि त्यांना साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ही वस्ती होऊ देणं म्हणजेच टाकी सायकल करणं.

पिल्लं देणाऱ्या माशांच्या बाबतीत हे जास्त मनावर घ्यायला हवं. पीएच जितका वर आणि पाणी जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी रूपात असतो. म्हणजे आपण पाणी त्यांच्या आवडीचं ठेवतो, तिथेच कच्ची टाकी त्यांना लवकर मारते. 'आज टाकी भरली, उद्या मासे टाका' हा दुकानातला सल्ला इथे महागात पडतो.

टाकी भरा, फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका आणि दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज मागून आणा. ओला ठेवून आणा. काम निम्म्या वेळात होतं. रिकाम्या टाकीकडे बघणाऱ्या घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

४. कुळं ओळखा आणि जवळच्या जोडीतला एकच घ्या

हा भाग दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

गप्पी, त्याचा छोटा भाऊबंद एंडलर आणि मॉली हे पोइसिलिया या कुळातले (इथे कुळ म्हणजे शास्त्रज्ञांचं 'जीनस'). प्लॅटी आणि स्वोर्डटेल झिफोफोरस या कुळातले. एका कुळातल्यांमध्ये संकर होऊ शकतो, वेगवेगळ्या कुळांमध्ये होत नाही. गप्पी आणि प्लॅटी वर्षानुवर्षं एकत्र राहिले तरी त्यांची मिश्र पिल्लं निघणार नाहीत.

आता जवळच्या जोड्या पाहा.

गप्पी आणि एंडलर: अगदी सहज संकर होतो, आणि पिल्लंही पुढे पिल्लं देतात. एंडलरला स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं २००५ साली. त्याआधी १९७५ मध्ये जॉन एंडलर यांनी तो व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळच्या पाण्यात गोळा केला होता. आपल्या बाजारात एंडलर म्हणून मिळणारे बरेचसे मासे आधीच गप्पी-मिश्र असतात. तरीही ज्याला शुद्ध एंडलर हवेत त्याने त्यांच्याबरोबर गप्पी ठेवूच नयेत.

प्लॅटी आणि स्वोर्डटेल: यांचाही संकर होतो. दुकानातल्या लाल-काळ्या अनेक रंगांच्या जाती अशाच संकरातून आल्यात. पण काळे ठिपके असलेल्या काही प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांच्या संकरित पिल्लांमध्ये, विशेषतः त्यांचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर झाला तर, ते ठिपके वाढत जाऊन कर्करोगाच्या गाठी होतात. १९२० च्या दशकाअखेरीपासून शास्त्रज्ञ याच माशांवर त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास करत आलेत. घरच्या टाकीत हे बघायची वेळ कशाला आणायची?

काळी मॉली, सेलफिन मॉली, डाल्मेशियन मॉली: सगळ्या एकमेकींत मिसळतात. मॉली आणि गप्पी एका कुळातले असले तरी त्यांचा संकर क्वचितच होतो, त्याची काळजी करत बसू नका.

म्हणून सोपा नियम: गप्पी किंवा एंडलर यातला एक, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल यातला एक, आणि जागा व जड पाणी असेल तर एका प्रकारची मॉली. तीनच जाती, आणि टाकी भरलेली दिसते.

बलून मॉलीबद्दल माझं मत सांगून टाकतो. तो फुगीर गोलपणा म्हणजे मुद्दाम जोपासलेलं वाकडं हाड आहे. पोहताना तिची होणारी धडपड पाहिल्यावर मी ती घेत नाही.

५. नर किती, माद्या किती

पोटाखालचा मागचा पंख पाहा. मादीचा त्रिकोणी, पंख्यासारखा पसरलेला. नराचा काडीसारखा बारीक, मागे वळलेला. हे चारही जातींना लागू पडतं आणि रंगापेक्षा जास्त भरवशाचं आहे.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. नर दिवसभर मादीच्या मागे असतो. एकच मादी असेल तर ती खायला वर येत नाही आणि कोपऱ्यात दबून बसते. 'जोडी' विकत घेण्याची सवय इथे मोडायला हवी. स्वोर्डटेलचे दोन नर ठेवले तर एक दुसऱ्याला सतत पिटाळतो. एक ठेवा, नाहीतर जागा असेल तर चार-पाच, म्हणजे राग वाटला जातो.

कधीकधी मादी म्हणून आणलेल्या स्वोर्डटेलला काही महिन्यांनी तलवार फुटते. लिंग बदललं अशी चर्चा होते. बहुतेक वेळा तो उशिरा वयात आलेला नर असतो.

'फक्त माद्या आणतो, म्हणजे पिल्लं नकोत' हा बेतही फसतो. दुकानातली जवळजवळ प्रत्येक मोठी मादी आधीच गाभण असते, आणि नराचं बीज कित्येक महिने साठवून पुन्हा पुन्हा पिल्लं देते. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर आणा.

शंभर लिटरसाठी माझी आवडती मांडणी: मॉली १ नर ३ माद्या, प्लॅटी २ नर ४ माद्या, आणि गप्पीचे ६ नर. रंग गप्पीच्या नरांत असतोच, आणि सगळ्यात वेगाने वाढणारी जात आटोक्यात राहते. तापमान २५ अंशांच्या आसपास. मॉलीला थोडं जास्त आवडतं, प्लॅटीला थोडं कमी. २५ वर दोघी नांदतात.

टायगर बार्ब नको, तो गप्पीची शेपटी कुरतडतो. एंजल मोठा झाला की छोटे गप्पी गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी हवं आणि घाणही फार. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं. आणि शेवाळ खाईल म्हणून दिला जाणारा सकर फूट-दीड फुटाचा होतो, शेवाळ मात्र तुम्हालाच पुसावं लागतं.

६. दुकानात काय पाहायचं

क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं दुकान, यातले पुष्कळ मासे चेन्नईच्या कोलाथूरहून किंवा कोलकात्याच्या बाजूने आलेले असतात. प्रवासाने थकलेले, वेगळ्या पाण्यातून आलेले. म्हणून माल आला त्याच दिवशी घेऊ नका. चार दिवस दुकानात टिकलेला मासा बरा.

पंख मिटलेले, पोट आत गेलेलं, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, तोंडाभोवती कापसासारखा थर, यातलं काहीही टाकीतल्या एकाही माशावर दिसलं तर त्या टाकीतला दुसरा धडधाकट मासाही नको. आणि मागून नीट बघा: शेपटीखालच्या छिद्रातून बारीक लाल धागे लोंबत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत. पिल्लं देणाऱ्या माशांत ते बरेच आढळतात आणि एका माशाकडून अख्ख्या टाकीत पसरतात. त्यावर लेव्हामिसोल चालतं, पण मात्रा माहितगाराला विचारून.

घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग तासभर थोडं थोडं आपलं पाणी तिच्यात घालत राहा. पाण्याच्या जडपणात फरक असेल तर हा तास फार महत्त्वाचा. शेवटी मासा जाळीने उचला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दोन-तीन आठवडे सुट्या टाकीत ठेवून मगच मोठ्या टाकीत. सगळे एकदम न आणता आधी प्लॅटी, पंधरवड्याने गप्पी, मॉली सगळ्यात शेवटी.

७. खाणं

हे मासे नेहमीच उपाशी असल्याचं नाटक करतात. दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास दिला तर काही बिघडत नाही.

मॉलीला वनस्पती लागते. स्पिरुलिना असलेलं खाद्य द्या, आणि अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, काकडीची चकती किंवा साल काढलेला वाफवलेला मटार. उरलेलं संध्याकाळी काढून टाका.

८. दर आठवड्याचं काम

चौथा भाग पाणी काढा, तेवढंच क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं घाला. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका. क्लोरीनने तिथली जिवाणूंची वस्ती मरते.

आपल्याकडे महिन्याला टाकी धुऊन देणारी माणसं मिळतात. मासे बादलीत काढून, खडी रगडून, काच चकाचक करून सगळं नवं पाणी भरतात. दिसायला छान, पण तुम्ही महिनाभर वाढवलेले जिवाणू गटारात जातात आणि तीन-चार दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकू लागतात. धुवायला माणूस लावायचाच असेल तर फक्त चौथा भाग पाणी बदलायला सांगा, आणि समोर उभे राहा.

डासांच्या लिक्विडमध्ये आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड प्रकारची कीटकनाशकं असतात, आणि ती माशांना अत्यंत विषारी आहेत. त्या खोलीत ती मशीन नको. पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टाकी प्लॅस्टिकने झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. वीज नसताना खायला देऊ नका. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० च्या वर गेलं तर झाकणाऐवजी बारीक जाळी ताणून बसवा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. बर्फाचे खडे थेट टाकू नका.

९. पिल्लं आली, आता?

साधारण चार आठवड्यांनी एक वेत, मॉलीला थोडा जास्त वेळ लागतो. गप्पी वीस-तीस पिल्लं सहज देते, मोठी स्वोर्डटेल शंभराच्या घरात जाऊ शकते. आई-बाप आणि शेजारी सगळे त्यांना खातात, आणि खरं सांगायचं तर तेच टाकीला वाचवतं. दाट मॉस आणि तरंगती हॉर्नवर्ट असेल तर प्रत्येक वेतातली चार-पाच जगतात, एवढी पुरे.

जास्त वाचवायची असतील तर पिल्लं झाल्यावर ती सुट्या टाकीत हलवा. मादीला प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत कोंडणं टाळा. ताणाने ती अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते. पिल्लांना चुरलेलं खाद्य दिवसातून तीन-चार वेळा, मिळाली तर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, पिल्लं. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी झटकन नासवतो, कणभरच द्या. गप्पीची पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतःच वीत असतात, म्हणून नर दिसू लागले की लगेच वेगळे करा.

डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं साठलेल्या पाण्यात गप्पी सोडतात, ते पाहून आपलीही जादा पिल्लं ओढ्यात सोडावीत असं वाटतं. सोडू नका. हे परदेशी मासे आहेत, स्थानिक छोट्या माशांची जागा आणि खाणं घेतात. सोडून दिलेले सकर देशातल्या किती नद्यांत माजलेत ते मासेमारांना विचारा. आणि त्या गावरान गप्पींतले चार उचलून घरच्या टाकीत आणलेत तर काटक मासे मिळतील, पण तुमच्या रंगीत गप्पींच्या माद्या टाकीत असतील तर दोन पिढ्यांत सगळे करडे.

त्यापेक्षा मासे घ्यायला जाल तेव्हाच दुकानदाराला विचारून ठेवा की वाढलेली पिल्लं घेणार का. बरेच जण घेतात, पैसे देत नाहीत पण खाद्याचं पाकीट देतात. फक्त इंचभर तरी वाढलेली आणि रंग धरलेली न्या; त्याहून लहान कुणी घेत नाही.